डबल, ट्वाइस, ड्युअल, पेअर... इंग्रजीतलं 'दोन' नक्की कुठे कसं वापरायचं

मराठीत आपलं बरं असतं. पगार डबल, ऑम्लेट डबल, गाडीवर डबल सीट, हिरोचा डबल रोल, एकच शब्द खिशात ठेवला की दिवसभर पुरतो. गडबड होते ती इंग्रजीत मेल लिहायला बसलं की. माझी पहिली नोकरी एक्स्पोर्टच्या ऑफिसात होती आणि मेल लिहायचं काम माझ्याकडे, कारण बाकीच्यांना वाटायचं ह्याचं इंग्रजी चांगलंय. एकदा पॅकिंगच्या मालाचा भाव दुप्पट झाला होता, मी आपलं मोठ्या ऐटीत लिहिलं की किंमत 'इन्क्रीज्ड बाय टू हंड्रेड पर्सेंट'. दुप्पट म्हणजे दोनशे टक्के, त्यात काय विचार करायचा! तासाभरात पलीकडून फोन, की बाबा तिप्पट कशी काय झाली? साहेबांनी फोन ठेवून माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं.

तेव्हापासून ह्या 'दोन'च्या शब्दांची मी एक वहीच केलीय, तीच इथे जरा नीट मांडतो. मुद्दा एकच आहे, शब्द शोधायच्या आधी स्वतःला विचारायचं की दोन कशाचं? दोन पट? दोन वेळा? दोन भाग? दोन वस्तूंची जोडी? दोन प्रती? का दोन आठवड्यांचा काळ? हे ठरलं की शब्द आपोआप सापडतो, आणि गंमत म्हणजे मराठीत हे सगळे वेगळे शब्द आधीपासून आहेतच (दुप्पट, दोनदा, दुहेरी, जोडी, जुळं, दुसरी प्रत), आपण ते 'डबल'च्या नादात वापरायचे सोडलेत.

पायरी १: पट आहे की वेळा?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो म्हणून इथे जरा थांबूया. दोन वाक्यं बघा.

आय पेड डबल.
आय पेड ट्वाइस.

पहिल्याचा अर्थ मी दुप्पट पैसे दिले. रिक्षाचे ऐंशी व्हायचे तिथे रात्र होती म्हणून एकशे साठ दिले. दुसऱ्याचा अर्थ मी दोनदा पैसे दिले. यूपीआय अडकलं, परत स्कॅन केलं आणि दोन्ही वेळा कटले. कस्टमर केअरला तक्रार लिहिताना ह्यातला चुकीचा शब्द गेला तर समोरचा माणूस भलतंच शोधत बसणार.

म्हणजे 'डबल' एकटं उभं राहिलं की ते रक्कम सांगतं, आणि 'ट्वाइस' क्रियापदाच्या मागे एकटं आलं की ते बहुतेक 'दोनदा' असतं. आय कॉल्ड हिम ट्वाइस, टेक धिस टॅबलेट ट्वाइस अ डे. इथे डबल चालणारच नाही. गोळी 'डबल' घ्या म्हटलं तर माणूस एकावेळी दोन गिळेल, तेव्हा डॉक्टरचं लिहिलेलं भाषांतर करून आजीला सांगताना हे लक्षात ठेवाच.

पण ट्वाइसचं एक दुसरं रूपही आहे, ते म्हणजे मागे तुलना लावली की ते 'दुप्पट' होतं. ट्वाइस द प्राइस म्हणजे दुप्पट किंमत. १९४८ च्या कारखाने कायद्यात ओव्हरटाइमचा दर लिहिताना शब्द वापरले होते 'ट्वाइस हिज ऑर्डिनरी रेट ऑफ वेजेस', म्हणजे नेहमीच्या दराच्या दुप्पट. पगार दोनदा मिळणार असा त्याचा अर्थ कुणी काढत नाही, कारण पुढे 'रेट' आहे. शब्दाच्या पुढे काय बसलंय ते बघायचं, बस.

आणि 'टू टाइम्स'? चूक नाहीये. पण शाळेत पाढे म्हणताना 'टू टाइम्स थ्री' शोभतं, मोठ्यांच्या लिखाणात ट्वाइस जास्त सहज वाटतं. तीनपासून पुढे मात्र थ्री टाइम्स, फोर टाइम्स असंच. 'थ्राइस' हा शब्द आपल्याकडे अजून जोरात चालतो, ब्रिटन-अमेरिकेत तो आता जुनाट वाटतो. वन्स, ट्वाइस, थ्राइस ही तीन भावंडं, आणि त्यांच्या शेवटचा तो 'स' हा जुन्या इंग्रजीतल्या षष्ठी विभक्तीचा उरलेला प्रत्यय आहे. चौथं भावंड झालंच नाही.

पायरी २: वाक्यात ठेवायचं कुठे

इथे आपण मराठीतून इंग्रजीत उडी मारतो आणि पाय मुरगळतो. मराठीत आपण म्हणतो 'त्याच्या दुप्पट', तर 'च्या'चं 'ऑफ' करून लिहितो 'डबल ऑफ दॅट'. किंवा म्हणतो 'त्यापेक्षा दुप्पट', तर 'पेक्षा'चं 'दॅन' करून लिहितो 'डबल दॅन दॅट'. दोन्ही चूक. इंग्रजीत मधे काहीच लागत नाही:

डबल दॅट. डबल द अमाउंट. डबल द प्राइस. ट्वाइस द साइज. ट्वाइस माय एज.

म्हणजे डबल आणि ट्वाइस हे 'द'च्या किंवा 'माय'च्या आधी येतात. 'द डबल प्राइस' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं की 'डबल प्राइस' नावाची काहीतरी वेगळीच वस्तू आहे.

आता विशेषण असेल तर? मोठा, जड, महाग, रुंद. तिथे डबल चालत नाही, ट्वाइस घ्यायचं आणि दोन्ही बाजूंनी 'ॲज' लावायचं, ट्वाइस ॲज बिग ॲज, ट्वाइस ॲज हेवी ॲज. 'डबल बिग' नाही आणि 'ट्वाइस बिगर'च्या वाटेलाही जायचं नाही. मोजता येणारं असेल तर ट्वाइस ॲज मेनी (माणसं, खुर्च्या, नारळ), मोजता न येणारं असेल तर ट्वाइस ॲज मच (पाणी, वेळ, साखर).

उलटं सांगायचं असेल तेव्हा जपून. 'ट्वाइस ॲज चीप' असं लोक बोलतात, पण दुप्पट स्वस्त म्हणजे नक्की किती हो? सरळ 'हाफ द प्राइस' लिहा. निम्म्या किमतीत. मराठीतही 'दुप्पट स्वस्त' कानाला खटकतंच ना.

पायरी ३: टक्क्यांची भानगड

ज्या चुकीने माझी लाज गेली ती ही. समजा कांदा क्विंटलला २००० रुपये होता आणि ४००० झाला. आता हे सगळं बरोबर आहे:

द प्राइस डबल्ड. द प्राइस इज ट्वाइस व्हॉट इट वॉज. इट रोझ बाय हंड्रेड पर्सेंट. इट इज नाऊ टू हंड्रेड पर्सेंट ऑफ द ओल्ड प्राइस. इट इन्क्रीज्ड टूफोल्ड.

बघा, शंभर पण बरोबर आणि दोनशे पण बरोबर, फरक फक्त 'बाय' आणि 'ऑफ'चा. बाय म्हणजे वाढ किती झाली, ऑफ म्हणजे आता एकूण जुन्याच्या मानाने किती आहे. 'रोझ बाय टू हंड्रेड पर्सेंट' म्हणजे ६००० झाला, तिप्पट. आणि नंतर परत २००० वर आला तर घसरण शंभर टक्के नाही हं, पन्नास टक्के. शंभर टक्के घसरला म्हणजे फुकट वाटला.

ह्याच खड्ड्यात अजून एक वाक्य पडलेलं असतं, 'टू टाइम्स मोअर दॅन'. हे काही लोक दुप्पट म्हणून वाचतात, काही लोक 'दोन पट जास्त' म्हणजे मूळ धरून तिप्पट म्हणून. ऑर्डरच्या मेलमधे हे लिहूच नका, 'ट्वाइस ॲज मेनी ॲज' लिहा आणि कंसात आकडा टाका, भांडण मिटलं.

एक जुन्या वळणाचा प्रयोग आहे, 'हाफ ॲज मच अगेन'. ऐकायला निम्मं वाटतं पण ते आहे दीडपट, म्हणजे आहे तेवढं अधिक त्याच्या निम्मं. आणि नुसतं 'ॲज मच अगेन' म्हणजे आहे तेवढंच अजून एकदा, थोडक्यात दुप्पट. आपल्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ केलेले, त्यांना हे चुटकीसरशी कळलं असतं. दीडपटीला इंग्रजीत सुटसुटीत असा एक शब्द नाहीच, 'वन अँड अ हाफ टाइम्स' असं लांबण लावावं लागतं. इथे मराठी जिंकली.

पैसे दुप्पट व्हायची गोष्ट निघालीच आहे तर 'डबलिंग टाइम' पण घ्या, दुप्पट व्हायला लागणारा काळ. ७२ ला व्याजदराने भागायचं की साधारण वर्षं मिळतात. किसान विकास पत्राला एप्रिल २०२३ पासून साडेसात टक्के दर लागला आणि मुदत ११५ महिने, ७२ भागिले साडेसात केलं की ९.६ वर्षं, म्हणजे ११५ महिनेच की! आणि उलट्या बाजूला आपला दामदुपटीचा जुना नियम, की सावकाराला एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येणार नाही. हा शब्द इंग्रजी कायद्याच्या पुस्तकांत 'दामदुपट' असाच जसाच्या तसा गेला, भाषांतर करायच्या फंदात कुणी पडलंच नाही.

पायरी ४: दोन भाग, दोन कामं

वस्तू एकच पण तिच्यात दोन गोष्टी किंवा दोन कामं, तर शब्द ड्युअल. ड्युअल सिम, ड्युअल कॅरेजवे, ड्युअल सिटिझनशिप (जी भारत देत नाही, ओसीआय कार्ड म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे हे परदेशातल्या नातेवाइकांना दर दिवाळीला सांगावं लागतं). मराठीत जिथे 'दुहेरी' बसतं तिथे बहुतेक ड्युअल बसतं. बहुतेक म्हणतोय, कारण रेल्वेचं दुहेरीकरण हे मात्र 'डबलिंग' आहे. पुणे-मिरज मार्गाचं दुहेरीकरण इंग्रजी बातमीत 'पुणे-मिरज डबलिंग' असंच येतं, कारण तिथे एक रूळमार्ग होता त्याचे दोन केले, संख्या वाढली.

स्पेलिंगमधे एका अक्षराने ड्युएल होतं, त्याचा अर्थ द्वंद्व. 'ड्युएल सिम' लिहिलेले बोर्ड मी पाहिलेत, दोन सिम आत तलवारी घेऊन उभे असावेत.

'टूफोल्ड' मधे दोन्ही अर्थ आहेत. इन्क्रीज्ड टूफोल्ड म्हणजे दुप्पट वाढला, पण 'द प्रॉब्लेम इज टूफोल्ड' म्हणजे अडचण दुहेरी आहे, तिला दोन बाजू आहेत, आणि असं लिहिलं की पुढच्या वाक्यात त्या दोन बाजू सांगायच्या, नाहीतर वाचणारा वाट बघत राहतो. हा '-फोल्ड' आपल्या '-पट' सारखाच, कुठल्याही आकड्याला जोडा.

वाकड्या अर्थाचे शब्द मात्र डबलकडे गेलेत. डबल स्टँडर्ड्स म्हणजे दुटप्पीपणा, डबल-एज्ड म्हणजे दुधारी, डबल-क्रॉस म्हणजे विश्वासघात. 'डबल डाउन' हल्ली बातम्यांत फार दिसतं, ते पत्त्यांच्या ब्लॅकजॅकमधून आलंय, तिथे पैज दुप्पट करायची आणि बदल्यात फक्त एकच पत्ता घ्यायचा. बातमीत त्याचा अर्थ असा की माणूस माघार घेत नाहीये, उलट अजूनच हट्टाला पेटलाय. 'ऑन द डबल' म्हणजे झपाझप, लगेच. परेडमधलं डबल मार्च, म्हणजे 'दौडके चल', ज्यांनी एनसीसी केलीय त्यांना वेगळं सांगायला नको. द्विधा मनःस्थितीला मात्र डबल माइंड म्हणू नका, 'आय ॲम इन टू माइंड्स'.

पायरी ५: जोडी

पेअर म्हणजे एकमेकांशी जुळणाऱ्या दोन वस्तू, बूट, मोजे, कानातले. पण इंग्रजीत कात्री, पँट आणि चष्मा ह्या एकेकट्या वस्तूंनाही पेअर म्हणतात कारण त्यांना दोन पाती, दोन पाय, दोन काचा. एक पँट म्हणजे 'अ पेअर ऑफ ट्राउझर्स', दोन पँटी म्हणजे 'टू पेअर्स'. दुकानात 'वन ट्राउझर' चालून जातं, परीक्षेत नाही. क्रिकेटमधे दोन्ही डावांत शून्यावर गेला की 'पेअर', मूळ शब्द 'पेअर ऑफ स्पेक्टॅकल्स', कारण दोन शून्यं शेजारी ठेवली की चष्मा दिसतो! दोन्ही डावांत पहिल्याच चेंडूवर गेला तर 'किंग पेअर'.

बैलजोडीला 'अ योक ऑफ ऑक्सन', योक म्हणजे जू. फुटबॉलमधे एकाने दोन गोल मारले की 'ब्रेस'. पेपरवाले बॅडमिंटनच्या जोडीला 'दुकल' म्हणतात ना, ते 'ड्युओ'.

कपलचं जरा सांभाळा. नुसतं कपल म्हणजे जोडपं. 'अ कपल ऑफ डेज' म्हणजे दोन दिवस, पण खरं तर दोन-तीन, आपल्या 'एक-दोन दिवसांत करतो' सारखं सैल. क्लायंटने 'गिव्ह मी अ कपल ऑफ डेज' म्हटलं तर परवा सकाळी तगादा लावू नका, आणि आपण तारीख देताना कपल न लिहिता 'टू' लिहा.

हॉटेल बुक करताना मात्र हा फरक थेट पाठीला कळतो. डबल रूम म्हणजे दोघांसाठी एक मोठा बेड. ट्विन रूम म्हणजे दोन वेगळे सिंगल बेड. ऑफिसच्या टूरवर सहकाऱ्यासोबत डबल रूम बुक केली तर रात्रभर एक पांघरूण ओढत बसाल. त्यात अमेरिकेत गादीच्या दुकानात 'ट्विन' म्हणजे एकट्याची गादी, ३८ बाय ७५ इंच, तिथे ट्विन म्हणून दोघांची समजून घेऊन आलात तर कठीण आहे.

बोथ, अर्थात दोघं, दोघी, दोन्ही. होकारात काही त्रास नाही. नकारात आपण लिहितो 'बोथ ऑफ देम डिड नॉट कम', आता ह्यातून दोघंही आले नाहीत की दोघांपैकी एकच आला हे कळत नाही. 'नायदर ऑफ देम केम' लिहा. एक जाता जाता, संस्कृतात द्विवचन होतं ते मराठीत आलं नाही हे शाळेत ऐकलेलं असतं, पण जुन्या इंग्रजीतही 'आम्ही दोघं' साठी 'वित' असं वेगळं सर्वनाम होतं, तेही गेलं. दोघींनी एकच दागिना मोडला म्हणायचा.

पायरी ६: बाय-वीकली, हा खरा शत्रू

'बाय' उपसर्ग म्हणजे दोन. बायलिंग्वल म्हणजे द्वैभाषिक (१९५६ ते १९६० चं मुंबई राज्य आठवा), बायकॅमेरल म्हणजे दोन सभागृहांचं, जसं महाराष्ट्राचं विधिमंडळ, गोव्याचं नाही. इथपर्यंत ठीक.

पण काळाला लागला की बाय बिथरतो. बायवीकली म्हणजे आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा? डिक्शनरी म्हणते दोन्ही. खरंच. बायमंथलीचंही तेच. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण 'बाय-मंथली' असतं, ते दर दोन महिन्यांनी, वर्षातून सहा वेळा. अमेरिकेत नोकरी लागलेल्यांसाठी खास, तिथे पगार 'बायवीकली' म्हणजे दर दोन आठवड्यांनी, वर्षाला साधारण २६ पगार, आणि 'सेमीमंथली' म्हणजे महिन्यातून दोनदा, वर्षाला २४. वर्षाचे एकूण पैसे तेवढेच पण एका चेकची रक्कम वेगळी, ईएमआयचं गणित करताना चुकतं.

वर्षाला मात्र दोन वेगळे शब्द आहेत, बायॲन्युअल म्हणजे वर्षातून दोनदा, बायेनियल म्हणजे दोन वर्षांतून एकदा. लक्षात ठेवायला कोची-मुझिरिस बिएनाले, २०१२ साली सुरू झालेलं आणि दर दोन वर्षांनी भरवायचं प्रदर्शन. बिएनाले म्हणजे बायेनियलच, इटालियन कपड्यात.

माझा सल्ला, हे शब्द ओळखायला शिका पण स्वतः वापरू नका. 'ट्वाइस अ वीक', 'एव्हरी टू वीक्स', 'हाफ-यर्ली' लिहा. फोर्टनाइटली (दर पंधरवड्याला) आपल्याकडे आणि ब्रिटनमधे कळतं, अमेरिकन माणूस अडखळतो.

पायरी ७: आपले घरगुती शब्द जे बाहेर चालत नाहीत

डुप्लिकेट. आपल्याकडे डुप्लिकेट म्हणजे नकली, 'डुप्लिकेट माल आहे, घेऊ नको'. इंग्रजीत डुप्लिकेट म्हणजे हुबेहूब दुसरी प्रत, त्यात फसवणूक काही नाही. हरवलेल्या मार्कशीटची बोर्डाकडून मिळते ती डुप्लिकेट, अगदी अधिकृत. नकली मालाला फेक किंवा काउंटरफिट म्हणायचं. 'सबमिट इन डुप्लिकेट' म्हणजे दोन प्रतींत द्या.

डबल सीट हा आपल्या रस्त्यावरचा लाडका शब्द, तो इंग्रजीत 'रायडिंग पिलियन'. सिनेमातला डबल रोल बाहेर 'ड्युअल रोल'. फोन नंबर सांगताना 'डबल टू, डबल सेव्हन' हे आपल्याकडे आणि ब्रिटनमधे सरसकट चालतं, अमेरिकन कॉल सेंटरवाल्याला मात्र 'टू टू, सेव्हन सेव्हन' असं एकेक आकडा सांगा, नाहीतर 'डबल' ऐकून तो गप्प होतो.

आता तुम्ही करून बघा

खाली हात ठेवून झाकून आधी स्वतः इंग्रजी करा, मग बघा.

त्याने माझ्याकडून दुप्पट भाडं घेतलं. ही चार्ज्ड मी डबल.

कार्डावरून बिल दोनदा कटलं. आय वॉज चार्ज्ड ट्वाइस.

नवा पूल जुन्याच्या दुप्पट रुंद आहे. द न्यू ब्रिज इज ट्वाइस ॲज वाइड ॲज द ओल्ड वन.

ह्या वर्षी आंबा गेल्या वर्षीच्या निम्म्या भावात मिळाला. मँगोज वेअर हाफ द प्राइस दे वेअर लास्ट इयर.

दोघीही लग्नाला आल्या नाहीत. नायदर ऑफ देम केम टू द वेडिंग.

ह्याचा फायदा दुहेरी आहे. द बेनिफिट इज टूफोल्ड. (आणि पुढे दोन फायदे लिहायचे, विसरलात ना?)

शेवटचं, 'माझा मित्र जुळा आहे'. इथे बरेच जण 'माय फ्रेंड इज ट्विन्स' लिहून एका माणसाचे दोन करतात. 'माय फ्रेंड इज अ ट्विन', दुसरा त्याच्या घरी आहे.